ठरलेली कार्डं, न ठरलेलं पाकीट

मंडळी, कार्डांच्या खेळात नशीब असावं की नसावं, हा वाद मी आज घालणार नाही. पत्ते पिसल्याशिवाय डाव सुरू होत नाही, हे आपण सगळेच मानतो. मला बोलायचंय ते नशिबाच्या जागेबद्दल. ते दुकानात असावं की टेबलावर?

1993 साली रिचर्ड गारफिल्ड यांचा ‘मॅजिक: द गॅदरिंग’ आला आणि त्याच्याबरोबर 15 कार्डांचं बंद पाकीट आलं. आत काय निघेल ते फोडल्याशिवाय कळायचं नाही, आणि दुर्मीळ कार्ड त्यात बहुधा एकच. या पाकिटानं दोन गोष्टी जन्माला घातल्या. पहिली गोष्ट, ज्याच्या खिशात जास्त पैसे त्याचा डेक, म्हणजे खेळायला घेतलेला कार्डांचा गठ्ठा, जास्त तगडा. ही मला कधीच पटली नाही. दुसरी गोष्ट म्हणजे ड्राफ्ट, आणि ती मात्र मला मनापासून आवडते. सहा-आठ जण गोल बसतात, प्रत्येक जण आपलं पाकीट फोडतो, एक कार्ड ठेवतो आणि उरलेली शेजाऱ्याकडे सरकवतो. कार्डं संपली की पुढचं पाकीट. शेवटी हाती आलेल्या कार्डांतूनच डेक बांधायचा आणि खेळायला बसायचं. घरी कुणाकडे किती कार्डं आहेत, याला इथे काही किंमत नाही.

2008 च्या सुमारास अमेरिकेतल्या ‘फॅन्टसी फ्लाइट गेम्स’नं बंद पाकिटाची पद्धत सोडून ‘लिव्हिंग कार्ड गेम’, म्हणजे ठरलेल्या कार्डांच्या पॅकचे खेळ, आणले. त्यातला माझा लाडका खेळ म्हणजे ‘अँड्रॉइड: नेटरनर’. त्यात दोन बाजू: एक रनर, म्हणजे हॅकर, आणि दुसरी कॉर्पोरेशन, म्हणजे मोठी कंपनी. मूळ ‘नेटरनर’ही गारफिल्ड यांचाच, 1996 सालचा, आणि तो बंद पाकिटांतूनच विकला गेला होता. 2012 ची आवृत्ती मात्र ठरलेल्या कार्डांची होती. दर डेटा पॅकमध्ये, म्हणजे मूळ पेटीनंतरच्या छोट्या पुरवणी पाकिटात, 60 कार्डं: 20 प्रकारची, प्रत्येकाच्या तीन प्रती. कुठल्याही डेकमध्ये एका कार्डाच्या जास्तीत जास्त तीनच प्रती चालतात, म्हणजे एक पॅक घेतला की त्यातलं सगळं पूर्ण. मूळ पेटीत काही कार्डांच्या तीनपेक्षा कमी प्रती होत्या, त्यामुळे हौशी लोक दोन-तीन पेट्या घ्यायचे, हे खरं आहे. पण पाकिटात काय आहे हे आधीच माहीत असायचं आणि खरेदीतला जुगार संपला होता.

त्या जुगाराबरोबर ड्राफ्टही गेला. प्रत्येकाकडे सगळी कार्डं आहेत म्हटल्यावर सरकवायचं काय? म्हणून पुढे याच खेळासाठी खास ड्राफ्ट पॅक निघाले, ‘ओव्हरड्राइव्ह’ आणि ‘सायबर वॉर’. रनरचं पाकीट वेगळं, कॉर्पोरेशनचं वेगळं, प्रत्येकात 40 कार्डं, आणि निवड यादृच्छिक. पुन्हा बंद पाकीटच आलं ना, असं कुणी म्हणेल. फरक असा की आतली कार्डं आधीच प्रसिद्ध झालेली होती. जे कार्ड साध्या, ठरलेल्या पॅकमध्ये मिळतं तेच इथे मिळणार, त्यामुळे पाकीट फोडून कुणी श्रीमंत होत नाही आणि न फोडून कुणी मागे पडत नाही. पाकिटाचं सगळं मोल त्या दोन-तीन तासांच्या खेळात. नशीब दुकानातून टेबलावर आलं ते असं, आणि मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

टेबलावर आल्यावर ते काय करतं, ते जरा जवळून बघू. ‘शुअर गॅम्बल’ हे रनरचं कार्ड घ्या: पाच क्रेडिट, म्हणजे खेळातले पैसे, भरा, नऊ मिळवा. नेहमीच्या खेळात बहुतेक लोक डोळे झाकून त्याच्या तीन प्रती घालतात, त्यात विचार असा नसतोच. ड्राफ्टमध्ये तेच ‘शुअर गॅम्बल’ आणि बॅरिअर नावाचा अडथळा फोडणारा ‘कोरोडर’ एका पाकिटात समोर येतात आणि एकच ठेवायचं असतं. मी सहसा कोरोडर ठेवतो. पैसे मिळवण्याचे मार्ग पुढच्या पाकिटांतही दिसतात, चांगला फोडणारा पुन्हा दिसेलच असं नाही. याच्या अगदी उलट मत असलेले उत्तम खेळाडू आहेत, आणि त्यांच्याशी वाद घालायला मला फार आवडतं. ज्या कार्डाबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं त्याच्यावर आता रात्रभर चर्चा चालते.

पण खरी गंमत माहितीची आहे. नेटरनरमध्ये कॉर्पोरेशन आपली कार्डं उपडी ठेवतं, त्यांच्यापुढे आइस नावाचे अडथळे लावतं आणि रनर त्या कार्डांवर धाड घालतो. ‘स्नेअर!’ नावाचा एक सापळा आहे. रनरनं तो उघडला आणि कॉर्पोरेशननं चार क्रेडिट भरले, की रनरला एक टॅग, म्हणजे माग लागल्याची खूण, बसतो आणि नेट डॅमेज नावाच्या इजेनं हातातली तीन कार्डं जातात. हातात तीनपेक्षा कमी कार्डं असतील तर खेळ तिथेच खलास. नेहमीच्या खेळात समोर जिंतेकी कंपनी दिसली की आपण सावध होतो, कारण सापळे तिचे. ड्राफ्टमध्ये सगळ्यांची ओळख, म्हणजे आपण कोण म्हणून खेळतो ते कार्ड, सारखीच असते: कॉर्पोरेशनची ‘द शॅडो’ आणि रनरची ‘द मास्क’. त्यांना इन्फ्लुएन्सची, म्हणजे दुसऱ्या गटाची कार्डं किती घ्यायची याची, मर्यादा नाही, त्यामुळे कुठल्याही फॅक्शनचं, म्हणजे गटाचं, कार्ड कुणाच्याही डेकमध्ये असू शकतं. मग अंदाज बांधायचा कशावरून? आपण काय सरकवलं त्यावरून. दुसऱ्या फेरीत मी स्नेअर डावीकडे जाऊ दिलं होतं. आता डावीकडचा गडी समोर बसलाय, त्याच्याकडे बरोबर चार क्रेडिट आहेत आणि एक उपडं कार्ड तो निवांतपणे बिनआइसचं ठेवतोय. मेंढीकोटात चार दश्श्यांपैकी किती पडल्या हे लक्षात ठेवणारा भिडू जसा खेळतो, तसा इथे चांगला ड्राफ्टर खेळतो.

आता पाकीट भरण्याकडे येतो. इथे बऱ्याच जणांची समजूत अशी असते की यादृच्छिक म्हणजे सगळी कार्डं एकत्र पिसायची आणि वाटून टाकायची. या खेळात तसं केलं तर संध्याकाळ वाया जाते. आइसचे मुख्य प्रकार तीन: बॅरिअर, कोड गेट, सेंट्री. प्रत्येकाला फोडणारा वेगळा. समजा सहा जणांसाठी रनरची 240 कार्डं आहेत आणि त्यांत डिकोडर, म्हणजे कोड गेट फोडणारे, 12 आहेत. नुसतं पिसून माणशी चार, दहा-दहाची पाकिटं केली, तर शंभरातल्या जवळजवळ साठ पाकिटांत एकही डिकोडर नसेल. हिशेबानं माणशी दोन येतात खरे, पण एखाद्याच्या समोर योग्य वेळी एकही येत नाही आणि एका साध्या कोड गेटपुढे तो अख्खा डाव हात चोळत बसतो. ‘क्रिप्सिस’सारखं कुठलंही आइस फोडणारं कार्ड अशा वेळी तारून नेतं. ते वापरायला महाग आहे आणि अधूनमधून एक-एक क्लिक, म्हणजे पाळीतली एक कृती, खर्चून त्यावर व्हायरस काउंटर चढवावे लागतात, पण दार कायमचं बंद राहत नाही. असं एखादं कार्ड सगळ्यांना सुरुवातीलाच देऊन टाकावं, या मताचा मी आहे.

कॉर्पोरेशनची अडचण आणखी कडक, कारण तिथे नियमच आडवा येतो. 30 कार्डांच्या डेकमध्ये किमान 14 गुणांचे अजेंडे, म्हणजे ज्यांवर गुण मिळतात ती कार्डं, असलेच पाहिजेत. दहाच्या प्रत्येक पाकिटात दोन अजेंडे घातले, तर चार पाकिटांत माणशी आठ होतात. सरासरी दोन गुण धरले तर 16. म्हणजे जेमतेम दोन गुणांची मोकळीक. त्यात अजेंडा कुणी आधी उचलत नाही, सगळ्यांचा डोळा चांगल्या आइसवर, आणि शेवटी एखाद्याचा डेक नियमात बसतच नाही. म्हणून कामाप्रमाणे गठ्ठे करा: अजेंडे, आइस, पैसे देणारी कार्डं, बाकीची. प्रत्येक गठ्ठा वेगळा पिसा आणि प्रत्येक पाकिटात ठरलेल्या संख्येनं घाला. काही अजेंडे टेबलाच्या मध्यभागी सगळ्यांसाठी ठेवा. कुठलं कार्ड येणार हे नशिबानं ठरू दे, कुठल्या कामाची किती येणार हे मात्र पाकीट भरणाऱ्यानं ठरवायचं.

हे सगळं घरी करता येतं, आणि आता घरीच करावं लागतं. ऑक्टोबर 2018 मध्ये हा खेळ परवान्याअभावी बंद झाला आणि छापील ड्राफ्ट पॅकही गेले. खेळ चाहत्यांनी जिवंत ठेवला. त्यांची संस्था आज ‘नल सिग्नल गेम्स’ नावानं नवी कार्डं काढते. कार्डं ठरलेली असल्याचा खरा फायदा इथे दिसतो. एका मित्राच्या कपाटात संच असला, की त्यातून सहा जणांचा डबा, म्हणजे ड्राफ्टसाठी निवडून ठेवलेला कार्डांचा साठा, निघतो. डाव संपला की कार्डं परत डब्यात. पुढच्या वेळी तीच कार्डं, पाकिटं नवी. माझ्या मते हा डबा विकतच्या ड्राफ्ट पॅकपेक्षा सरस आहे. विकतचं पाकीट एकदा फोडलं की आधीच घरात असलेल्या कार्डांच्या जादा प्रती तेवढ्या उरतात.

एक आक्षेप मात्र रास्त आहे, मगाशी मागून कुणीतरी तो घेतलाही: ज्यानं डबा लावला त्याला सगळं माहीत असतं. त्यावर आमचा तोडगा असा. एका बाजूला 240 कार्डं लागत असतील तर डबा 300 चा ठेवायचा. प्रत्येक गठ्ठा पिसून लागतील तेवढी कार्डं काढायची आणि उरलेली 60 न बघता बाजूला ठेवायची. डबा लावणारा मग छातीठोकपणे सांगू शकत नाही की आज टेबलावर स्नेअर एक आहे, तीन आहेत की एकही नाही. आणि डबा लावायचं काम दर वेळी दुसऱ्याला द्या. आमच्याकडे एक जण दर खेपेला सापळे वाढवून ठेवतो, दुसरा आइस स्वस्त करतो, आणि बाकीच्यांना ते पहिल्या दोन पाकिटांतच कळतं.