प्रश्न जुनाच विचारा

मित्रहो, ब्रिटनमधली माणसं काय विकत घेतात आणि काय मानतात, याची मोजदाद तिथे पिढ्यानपिढ्या चालू आहे. आजचा विषय तोच. पण आधी माझं एक लाडकं म्हणणं ऐकून घ्या: मतं किती बदलली हे मोजायचं असेल, तर प्रश्न बदलायचा नाही.

हे मला पटवलं सीबोम राउंट्रीने. इंग्लंडमधल्या यॉर्क शहरातल्या चॉकलेट कारखानदाराचा मुलगा. १८९९ साली त्याने यॉर्कमधल्या साडेअकरा हजारांवर कामगार घरांची माहिती घरोघर जाऊन जमवली. गरिबीची रेषा त्याने किती कडक आखली, ऐका. बसभाडं नाही. वर्तमानपत्र नाही. परगावच्या मुलाला पत्र टाकायला तिकीट नाही. बापाला तंबाखू नाही, पोरांना गोट्या-बाहुल्यांना पैसा नाही. अंगात काम करण्यापुरतं बळ राहील, एवढाच खर्च धरायचा. इतकं ताणूनही कामगारांपैकी १५ टक्क्यांहून जास्त लोक त्या रेषेखाली निघाले!

१९३६ साली तो पुन्हा त्याच यॉर्कमध्ये उतरला. आता त्यालाच वाटलं, रेडिओ, वर्तमानपत्र, थोडी बिअर, मुलांना भेटवस्तू, याशिवायचं जगणं माणसाचं म्हणायचं का? त्याने नवी, उदार रेषा आखली. तिच्याखाली कामगारवर्गातले ३१ टक्के आले. नुसता हाच आकडा छापला असता, तर यॉर्कमधली गरिबी दुप्पट झाली असं कुणीही म्हटलं असतं. पण या माणसाने जुनी रेषाही तशीच लावून पाहिली. तिच्याखाली उरले होते ७ टक्क्यांच्या आत. दोन्ही आकडे खरे आहेत. नव्या रेषेने अपेक्षा किती वाढली ते कळतं, जुनीने हाल किती कमी झाले ते. मला हा संशोधनातला सर्वात मोठा प्रामाणिकपणा वाटतो.

आपल्याकडे काय होतं? मी ज्या कौटुंबिक पाहणीत काम केलं, तिच्या दुसऱ्या फेरीआधी नव्या साहेबांनी प्रश्नावली ‘आधुनिक’ करून टाकली. पहिली फेरी तिथेच वाया गेली. गावोगाव फिरून, बायाबापड्यांच्या ओसरीवर बसून भरलेले ते तक्ते! आजही संताप येतो.

असो, संयोजकांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मुख्य विषय भराभर सांगतो. ‘ब्रिटिश सोशल अ‍ॅटिट्यूड्स’ ही तिथल्या लोकांच्या मतांची पाहणी १९८३ पासून चालू आहे. ‘पुरुषाने कमवावं, बाईने घर सांभाळावं’ हे वाक्य आज कानाला खटकतं. तरी ते प्रश्नावलीत जसंच्या तसं जपलंय, म्हणूनच कळतं, की १९८७ साली त्याला ४८ टक्के लोक होकार देत होते आणि २०२२ साली ९. समलिंगी संबंधांत काहीच गैर नाही, असं म्हणणारे १९८३ मधल्या १७ टक्क्यांवरून २०२२ पर्यंत ६७ टक्क्यांवर गेले. पण ही चढण सरळ नव्हती. एड्सच्या भीतीच्या काळात, १९८७ साली, ‘हे नेहमीच गैर’ म्हणणारे वाढून ६४ टक्के झाले होते. मध्येच प्रश्न मवाळ केला असता, तर ही पिछेहाट दिसलीच नसती.

वस्तूंचं मात्र उलट. महागाई मोजायची तिथली ‘टोपली’, म्हणजे ज्यांचे भाव धरतात त्या वस्तूंची यादी, दरवर्षी बदलावीच लागते, कारण लोक घेत नाहीत त्या वस्तूचा भाव धरून उपयोग काय? २०२१ साली हँड सॅनिटायझर आत आला, २०२४ साली बाहेर गेला. त्याच वर्षी एअर फ्रायर आला आणि ग्रामोफोनच्या तबकड्या परतल्या. त्याआधी, २०२२ साली, पुरुषांचा सूट गेला होता.

एक अडचण राहते. कोविडमध्ये ही मतांची पाहणी घरातल्या मुलाखतीवरून ऑनलाइन गेली. प्रश्न तेच, पण समोर माणूस नाही. परक्याच्या तोंडावर जे बोलायला जीभ अडखळते, ते पडद्यासमोर सहज टिचकवलं जातं. म्हणून २०२० च्या अलीकडचे-पलीकडचे आकडे एका रेषेत जोडताना मी थबकतो. सभागृहात कुणी दोन्ही पद्धतींनी पाहणी केलेलं असेल, तर कार्यक्रमानंतर जरूर थांबा, मला विचारायचं आहे.