एक सात : गुरुजींनी दिलेला वाढदिवस

(दृश्य : जिल्हा परिषदेची कौलारू शाळा. लोखंडी कपाट कुरकुरत उघडतं.)

पुसद तालुक्यातलं एक गाव. या शाळेतलं सगळ्यात जुनं रजिस्टर दाखल-खारीजचं. कडा उंदरांनी कुरतडल्यात, शाई तांबूस झालीय, पण अक्षर अजून मोत्यासारखं. हे पान १९६१ सालचं, त्या वर्षी पहिलीत बसलेल्या पोरांचं. जन्मतारखेचा रकाना वरून खाली वाचत या. एक सात पंचावन्न. एक सात पंचावन्न. पुन्हा एक सात पंचावन्न. बावीस नावं, आणि एक सोडून सगळी एकाच दिवशी जन्मलेली. त्या एका नावाकडे नंतर येऊ.

(दृश्य : ओसरीवर बसलेली म्हातारी, मांडीवर सूप.)

आजी, वाढदिवस कधी असतो तुमचा?

"काहाचा वाढदिवस बाप्पा! पोयाच्या करीले झाली म्हनते मी. कोन्त्या सालच्या, थे मायले मालूम."

गावाचा हिशेब हा असा. कुणी पोळ्याच्या करीला, कुणी महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी, कुणी नदीला मोठा पूर आला त्या साली. हिशेब पक्काच असतो, फक्त तो रजिस्टरच्या रकान्यात बसत नाही. म्हणून गुरुजी पोराला उभं करायचे. उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धर म्हणायचे. कान हाताला लागला की पोरगा सहा वर्षांचा झाला. मग शाळा उघडल्याच्या दिवसापासून सहा वर्षं मागं मोजायची. इकडच्या उन्हात शाळा उघडायलाच जून सरतो, त्यामुळे हिशेब येऊन थांबायचा १ जुलैवर. काही गावांत तो १ जूनवर थांबला, एवढाच काय तो फरक.

(दृश्य : चष्मा पुसणारे निवृत्त गुरुजी.)

हे गुरुजी त्याच पानावरचे, एक सात पंचावन्नवाले. पुढे स्वतः मास्तर झाले आणि आपल्या हातानं कित्येक पोरांना हीच तारीख देत गेले. गंमत म्हणजे १ जुलै १९५५ हा दिवस भारतीय स्टेट बँकेचाही जन्मदिवस. इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली ती त्या दिवशी. मोठ्या शहरांत बसलेली बँक खेड्यापाड्याकडे यावी, शेतकऱ्याचं कर्ज फक्त सावकाराच्या वहीत राहू नये, हा त्यामागचा विचार. पाच वर्षांत ४०० नव्या शाखा काढायचं बंधनच तिच्यावर घातलं होतं. म्हणजे कागदावर गुरुजी आणि स्टेट बँक जुळे. बँकेचा वर्धापनदिन येतो तो नेमका पीककर्जाच्या गर्दीत. केक शाखेत कापतात आणि सातबारा घेतलेली माणसं रांगेत उभी असतात.

(दृश्य : गहुली. पुतळा, हार, शासकीय गाड्या.)

इथून जवळच गहुली. १ जुलै १९१३ रोजी या बंजारा वस्तीत वसंतराव नाईक जन्मले. नागपुरात वकिली शिकले, पुसदला वकिली केली आणि डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९७५ सलग महाराष्ट्राचे मुख्यमंत्री राहिले. अकरा वर्षांहून जास्त. तेवढा काळ त्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलेलं नाही. दोन वर्षांत राज्य अन्नधान्यात स्वयंपूर्ण झालं नाही तर मला शनिवारवाड्यासमोर फाशी द्या, असं ते बोलल्याचं आजही सांगितलं जातं. त्यांच्याच काळात संकरित ज्वारी गावोगाव पोचली. इकडे तर ज्वारीचंच नाव 'हायब्रीड' पडलं. भाकर थोडी फिक्की लागते म्हणून म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली, पण पोटं भरली. अकोल्याचं कृषी विद्यापीठ १९६९ चं. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामं निघाली, खडी फोडून माणसं जगली. कापसाची एकाधिकार खरेदीही त्याच वर्षीची.

म्हणून १ जुलै हा राज्यात कृषिदिन. पंचायत समितीत सकाळी अकराला हारतुरे, सत्कार, भाषणं. आणि त्याच वेळी शेतकरी कुठं असतो? आर्द्रा नक्षत्र चालू असतं. कुणी सरकी टोबून पावसाकडे डोळे लावून बसलेला, कुणाचं सोयाबीन उलटलेलं, कुणी दुबार पेरणीसाठी बियाणं उधार मागत फिरणारा. ज्याचा दिवस, त्यालाच कार्यक्रमाला यायला सवड नाही. नाईकांच्या याच यवतमाळ जिल्ह्याचं नाव पुढं शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांत येत राहिलं. हाराच्या गर्दीत ते कुणी काढत नाही.

(दृश्य : अकोला शहर, रहदारीचा चौक.)

अकोल्यात मदनलाल धिंग्रा चौक आहे. रोज हजारो माणसं तिथून जातात, पण तारीख क्वचितच कुणाला ठाऊक. १ जुलै १९०९, लंडन. धिंग्रांनी कर्झन वायली या इंग्रज अधिकाऱ्याला गोळ्या घातल्या आणि दीडेक महिन्यानं, १७ ऑगस्टला, ते फासावर गेले.

डॉक्टर बिधानचंद्र रॉय १ जुलैला जन्मले, १८८२ साली, आणि वारले तेही १ जुलैलाच, १९६२ साली. डॉक्टर दिन त्यांच्या नावानं. १९६५ च्या युद्धातले परमवीर अब्दुल हमीद १९३३ चे, बासरीवाले हरिप्रसाद चौरसिया १९३८ चे. चौरसियांचे वडील पहिलवान, पोरानं तालमीत उतरावं अशी त्यांची इच्छा. जीएसटी लागू झाला तोही याच तारखेला, २०१७ साली. आदल्या दिवशी खतांवरचा दर १२ वरून ५ टक्क्यांवर आणला होता. कृषिकेंद्रवाल्यांना ते अजून आठवतं.

(दृश्य : रात्रीचं आभाळ, शेतातली जागल.)

या यादीतलं एक नाव मात्र आमच्या रजिस्टरच्या जवळचं आहे. कल्पना चावला. कागदोपत्री जन्म १ जुलै १९६१. खरा जन्म १७ मार्च १९६२ चा. मॅट्रिकच्या परीक्षेला वय कमी पडू नये म्हणून तारीख मागं नेलेली. कर्नालची ही पोरगी अंतराळात गेली, पण तिच्या कागदावरची तारीख आमच्या ओसरीवरच्या आजीच्या तारखेसारखीच, सोयीची.

आणि सोय कधी अंगाशीही येते. गुरुजींचंच बघा. महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला सरकारी माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, असा नियम. गुरुजी ३० जून २०१३ ला निवृत्त झाले. सहाव्या वेतन आयोगानं सगळ्यांच्या वार्षिक वेतनवाढीची तारीख ठरवली होती १ जुलै. वर्षभर शिकवलं आणि वाढ एका दिवसानं हुकली. पेन्शन त्या जुन्या पगारावर बसलं. अशी माणसं देशभर होती. कोर्टकचेऱ्या झाल्या आणि ११ एप्रिल २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की वर्षभर काम केलं असेल तर वेतनवाढ त्यांचीच आहे.

गुरुजी हसतात. "माह्या गुरुजीनं दोन तारीख लिवली असती, तर कायले कोर्टात जा लागलं असतं?"

(दृश्य : पुन्हा तेच पान. गुरुजींचं बोट रकान्यावरून खाली सरकतं.)

आता ते एक नाव. तेवीस दोन पंचावन्न.

याचीच तारीख कशी काय वेगळी, असं आम्ही विचारलं. गुरुजींनी चष्मा नाकावर सरकवला, नाव वाचलं.

"कोतवालाचा पोरगा हाये थो."

गावात कोण जन्मलं, कोण मेलं, हे त्या काळी कोतवाल लिहायचा. त्या नोंदीत पोराचं नावही नसायचं. अमक्याला मुलगा झाला, एवढंच. त्याचा बाप घरोघर फिरून अशा नोंदी करत होता. त्या दिवशी त्याला कुठं जावं लागलं नाही.