लाला वर्दे, इन्स्पेक्टर घोटे आणि एक फाटलेलं पान

(म्हापशातलं जुनं घर. बाहेर पाऊस. सोप्यावर उघडी पत्र्याची ट्रंक.)

ही पेन्सिलची खूण बघा. कॅमेऱ्यात नीट येत नाहीये, फिकट झालीय, पण पुस्तक जरा तिरकं धरलं की दिसते. पानाच्या कडेला लिहिलंय, "हो खंयचो लाला?" अक्षर माझ्या मामांचं. मामा तीस वर्षं मुंबईत गिरगावात राहिले, गोदीत कारकुनी केली आणि रिटायर होऊन म्हापशाला परत आले तेव्हा त्यांच्याबरोबर दोन ट्रंका होत्या, एकीत भांडी आणि कपडे, दुसरीत नुसती खुनाची पुस्तकं. मामी म्हणायची, ट्रंका बदलल्या असत्या तर बरं झालं असतं.

आमच्याकडे घरी बोलायला कोकणी आणि वाचायला मराठी, ही गोव्यातल्या किती घरांची गोष्ट आहे ते तुम्हाला सांगायला नको. पण मामांचं तिसरं खातं होतं, इंग्रजी रहस्यकथा. अर्नाळकरांचा झुंजार, धनंजय-छोटू लहानपणी वाचून झालेले, गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप एसटीच्या स्टँडवर उभ्याउभ्या संपवलेला, आणि मग मुंबईच्या फुटपाथवर आठ-आठ आण्याला मिळणारे इंग्रजी पेपरबॅक. त्यातलंच हे एक. द परफेक्ट मर्डर, साल १९६४, लेखक एच. आर. एफ. कीटिंग.

आता तो लाला. कादंबरी मुंबईत घडते आणि तिच्यात एक बडा धनाढ्य माणूस आहे, त्याचं नाव लाला अरुण वर्दे. वर्दे! अहो वर्दे म्हणजे आमच्या घरातलं नाव. शणै गोंयबाब, ज्यांच्यामुळे कोकणी माणूस मान ताठ करून कोकणी लिहायला लागला, त्यांचं पूर्ण नाव वामन रघुनाथ वर्दे वालावलीकर, गाव दिवचल, इथून बसने गेलात तर तासाभरात पोचाल. आणि ह्या साहेबाने वर्देच्या मागे उत्तरेकडचा लाला लावलाय. म्हणजे कोणी "सरदार कामत" म्हणावं तसं. मामांनी ते पान वाचून आधी हसून घेतलं असणार आणि मग पेन्सिल उचलली असणार.

पण गंमत अशी की पुस्तक फेकलं नाही. उलट नंतर ह्याच लेखकाची मिळतील तेवढी जमवली, ट्रंकेत चौदा निघाली, मी मोजली. ज्या माणसाला आपलं आडनावसुद्धा धड लावता आलं नाही त्याची चौदा पुस्तकं का ठेवायची, हा प्रश्न मला पडला आणि त्यातूनच हा व्हिडिओ झाला.

(लंडनचे जुने फोटो)

कीटिंगचा जन्म १९२६ चा, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं सेंट लेनर्ड्स-ऑन-सी म्हणून गाव आहे तिथला. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकला, मग वर्तमानपत्रात सब-एडिटर, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेलं तासायचं काम. १९५९ मध्ये पहिली रहस्यकादंबरी आली. पुस्तकं बरी चालत होती पण अमेरिकेतले प्रकाशक हात लावेनात, म्हणाले फारच इंग्रजी वळणाची आहेत. मग ह्याने काय करावं, जरा लांबचा मुलुख निवडूया म्हणून अॅटलास उघडला आणि मुंबई निवडली. मुंबई बघितलेली नाही, भारतातच कधी पाऊल ठेवलेलं नाही. वर्तमानपत्रातली कात्रणं, भारतावरची पुस्तकं, जाऊन आलेल्या लोकांना विचारलेले प्रश्न, एवढ्या भांडवलावर मुंबई सीआयडीचा इन्स्पेक्टर उभा केला.

त्या इन्स्पेक्टरचं नाव आधी घोष ठेवलं होतं. कोणीतरी सांगितलं, अरे हे बंगाली नाव, मुंबईच्या पोलिसाला कसं शोभेल, तेव्हा घोषचा झाला घोटे. गणेश घोटे. बायकोचं नाव मात्र प्रोतिमाच राहिलं, ती बंगालीच. इंग्रज वाचक ते गोट म्हणतात की घोटी म्हणतात देव जाणे, पण आपल्या कानाला घोटे ऐकलं की चहाचा घोट आठवतो आणि तो माणूसही तसाच आहे, गरम, साधा, जरा सांडणारा. वरिष्ठ ओरडले की गप्प बसतो, घरी बायको बोलली की गप्प बसतो, आणि मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत केस मात्र सोडत नाही.

मला ह्या कादंबरीतली एक गोष्ट फार आवडते. इकडे श्रीमंताच्या घरात पर्फेक्ट आडनावाच्या पारशी सेक्रेटरीवर हल्ला झालाय, म्हणजे शीर्षकातला परफेक्ट तो हा, आपल्याकडे इंजिनियर आणि कॉन्ट्रॅक्टर आडनावं असतात त्या चालीवर. आणि तिकडे एका मंत्र्याच्या टेबलावरून एक रुपयाची नोट चोरीला गेलीय. एक रुपया! आणि मंत्र्याचा रुपया म्हणून तपास करायलाच पाहिजे, तोही घोटेनेच. वर स्वीडनहून आलेला युनेस्कोचा पाहुणा बरोबर, आमचे पोलीस कसं काम करतात ते बघायला. भारत न बघता माणसाने सरकारी ऑफिस एवढं बरोबर कसं पकडलं हे मला खरंच कळत नाही. मामांनी त्या रुपयाच्या पानावर फक्त एक मोठ्ठी बरोबरची खूण केलीय.

इंग्रजी मात्र मला खटकतं, तेही सांगून टाकतो. त्याची सगळी भारतीय माणसं जिथेतिथे "आय अॅम थिंकिंग" छाप बोलतात. मराठीत विचार करणारा घोटे मनातल्या मनातसुद्धा असं कशाला बोलेल?

असो. ह्याच पुस्तकाला ब्रिटनच्या क्राइम रायटर्स असोसिएशनचा गोल्ड डॅगर मिळाला, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम रहस्यकादंबरीचं बक्षीस. मग घोटे मालिका सुरू झाली आणि दहा वर्षं हा माणूस न बघितलेल्या मुंबईवर लिहीत राहिला. शेवटी एअर इंडियाच्या कानावर गेलं, त्यांनीच तिकीट देऊ केलं आणि १९७४ च्या सुमाराला कीटिंग पहिल्यांदा मुंबईत उतरला. विचार करा, आपणच कागदावर वसवलेल्या शहरात विमानातून उतरायचं. माझी तर हिंमत झाली नसती. पुढे १९८८ मध्ये सिनेमाही आला, झफर हाय दिग्दर्शक, घोटे म्हणून नसीरुद्दीन शाह.

(म्हापशाचं शुक्रवारचं मार्केट. चहाचं दुकान.)

आता मूळ मुद्द्यावर येतो. मामांच्या ट्रंकेत पुस्तकांबरोबर एक वही पण निघाली, शंभर पानी, तेलाचे डाग पडलेली. तिच्यात वाचलेल्या प्रत्येक रहस्यकथेला मामांनी आण्यांमध्ये मार्क दिलेत. सोळा आणे म्हणजे फर्स्ट क्लास. आगाथा ख्रिस्तीला बहुतेक चौदा. रेमंड चँडलरला कधी सोळा, कधी सहा. एका प्रसिद्ध लेखकाला दोन आणे देऊन पुढे लिहिलंय "खुनी पयल्याच पानार कळ्ळो".

मामांचे दोन दोस्त होते, एक औषधाच्या दुकानवाले, एक शाळेतले रिटायर मास्तर. दर शुक्रवारी मार्केट आटपलं की हे तिघे भाजी-पाव खायला बसायचे आणि पुस्तकं बदलायचे. नियम एकच, दुसऱ्याने वाचलेलं नसताना खुनी कोण ते फोडायचं नाही, फोडलं तर सगळ्यांचं बिल त्याच्यावर. मी लहानपणी मामांबरोबर जायचो तेव्हा मास्तर सगळ्यात जास्त बिलं भरायचे, सवय काही गेली नाही त्यांची.

तर कीटिंगचं लंडनमध्ये हेच चाललं होतं, फक्त भाजी-पावाच्या जागी साग्रसंगीत जेवण. तिथे १९३० साली एक डिटेक्शन क्लब सुरू झाला, रहस्यकथा लिहिणाऱ्यांचाच. पहिला अध्यक्ष चेस्टरटन, फादर ब्राऊनवाला. ख्रिस्ती होती, डोरोथी सेयर्स होती. नवीन मेंबर घेताना अंधारात मेणबत्त्या लावून शपथ द्यायचे आणि समोर माणसाची कवटी ठेवायचे, त्या कवटीचं नाव एरिक. शपथ काय, तर माझा डिटेक्टिव्ह अक्कल वापरून गुन्हा शोधेल, दैवी साक्षात्कार, मंतर-तंतर, नशिबाचा योगायोग असलं काही चालवणार नाही आणि महत्त्वाचा धागा वाचकापासून लपवणार नाही. मोठी मोठी माणसं हे सगळं गंभीर चेहऱ्याने करायची, म्हणजे अर्धी मजा आणि अर्धं खरंच. ख्रिस्ती १९५७ पासून मरेपर्यंत अध्यक्ष होती पण तिची अट, मी भाषण करणार नाही, म्हणून भाषणांसाठी सुरुवातीला लॉर्ड गोरेल नावाचा एक जोडीदार अध्यक्ष नेमावा लागला. हे वाचून ती मला एकदम घरातली वाटायला लागली.

ख्रिस्तीनंतर ज्युलियन सिमन्स अध्यक्ष झाला आणि १९८५ मध्ये त्याच्या जागी कीटिंग आला तो २००० पर्यंत. ही दोघं एकामागोमाग आली ह्यात मला मजा वाटते. सिमन्सने १९७२ मध्ये ब्लडी मर्डर नावाचं जाडजूड पुस्तक लिहिलं, रहस्यकथेचा सगळा इतिहास आणि त्यात त्याचं म्हणणं असं, की खुनी-ओळखा छापाच्या कोड्यांचे दिवस जाऊन आता गुन्ह्यामागच्या माणसाच्या कादंबरीचे दिवस आलेत. सिमन्स पटकन कान उपटणारा. कीटिंगचा हात मोकळा. तो पंधरा वर्षं लंडनच्या टाइम्समध्ये रहस्यकथांची परीक्षणं लिहीत होता, म्हणजे आपल्याच धंद्यातल्या लोकांची पुस्तकं तपासायची आणि संध्याकाळी त्यांच्याच बरोबर जेवायला बसायचं. हे किती अवघड असतं ते मराठी साहित्य संमेलनाला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा.

१९७७ मध्ये, म्हणजे ख्रिस्ती गेल्यावर दुसऱ्याच वर्षी, कीटिंगने तिच्यावर एक लेखसंग्रह काढला. लिहिणारे कोण, तर बहुतेक रहस्यकथावालेच, सिमन्स आहे, एडमंड क्रिस्पिन आहे, मायकेल गिल्बर्ट आहे, ख्रिस्तिआना ब्रँड आहे. म्हणजे सोनाराने सोनाराचा दागिना हातात घेऊन कसोटीला लावावा तसा प्रकार.

आणि १९८७ मध्ये त्याने सरळ शंभर पुस्तकांची यादीच काढली, क्राइम अँड मिस्टरीमधली सर्वोत्तम शंभर. अमेरिकेच्या एडगर अॅलन पो ह्याच्यापासून सुरुवात आणि शेवटी इंग्लंडची पी. डी. जेम्स, एकेका पुस्तकावर छोटासा लेख. मी आधी ते इंडेक्ससारखं चाळलं आणि मग हळूहळू अडकलो, कारण ह्या माणसाची आवड एका गावची नाहीच. ख्रिस्तीची घट्ट विणलेली कोडी आहेत आणि तिच्या शेजारी हॅमेट, चँडलरचा अमेरिकन गल्लीतला मारधाड माल, मग फ्रेंच लिहिणारा सिमेनॉन, जो कोडं घालतच नाही, नुसता पाऊस आणि माणसं. प्रस्तावना कोणाची, तर पॅट्रिशिया हायस्मिथची, जिच्या कथेत खुनी निवांत सुटून जातो. आणि शंभरात स्वतःचं एकही पुस्तक नाही. मराठीत अशी यादी करायला दिली असती तर... जाऊ दे.

मामांना ह्यातलं काही ठाऊक नव्हतं, ही यादी त्यांनी बघितलेलीसुद्धा नाही. पण वही उघडली तर तीच तऱ्हा, सिमेनॉनला सोळा आणे आणि पुढे "कांयच घडना, तरी सोडूंक जायना". चौदा पुस्तकं का ठेवली ह्याचं उत्तर मला तिथे मिळालं असं वाटतं. लाला वर्देची चूक मामांनी पकडली, पण लिहिणारा आपल्यासारखाच वाचणारा आहे हे त्यांना वासावरून कळलं असणार.

मित्रांनीही परतफेड केली. २००६ मध्ये कीटिंग ऐंशीचा झाला तेव्हा डिटेक्शन क्लबच्या मेंबरांनी त्याच्यासाठी कथा लिहून एक पुस्तक केलं, संपादक पीटर लव्हसी. आत लेन डायटन, रेजिनाल्ड हिल, इन्स्पेक्टर मोर्सवाला कॉलिन डेक्स्टर. पी. डी. जेम्स तेव्हा पंच्याऐंशी-शहाऐंशीची होती, तिच्या कथेच्या नावातच घोटे आहे, हिअरिंग घोटे. जिच्या पुस्तकाने ह्याने आपली शंभरची यादी संपवली होती तीच बाई ह्याच्या वाढदिवसाला ह्याचंच पात्र घेऊन आली. असा आहेर रहस्यकथावाल्यांनाच सुचतो. २०११ मध्ये कीटिंग गेला, आणि त्याचं चरित्र त्याच्या बायकोने लिहिलं, शीला मिचेलने, २०२० मध्ये.

(ट्रंकेतलं शेवटचं पुस्तक. मागचं कव्हर उघडतो.)

आता हे पुस्तक. द मर्डर ऑफ द महाराजा, १९८०, ह्याला कीटिंगचा दुसरा गोल्ड डॅगर. मामांनी हे एका वाचनालयाच्या रद्दीतून उचललेलं. गोष्ट १९३० सालची, एक छोटं संस्थान, महाराजाला लोकांची थट्टा करायची भारी हौस, आणि एक एप्रिल जवळ आलेला. मुंबई नाही, क्रॉफर्ड मार्केट नाही, आपला इन्स्पेक्टर तर तेव्हा असायचं कारणच नाही. आणि कॉपीला शेवटचं पान नाही. हे बघा, फाटलेली कड, अर्धा इंच कागद शिवणीत अडकून राहिलाय. खुनी आधीच्या पानांत कळून जातो म्हणून मामांचं फारसं अडलं नसेल. त्यांनी आतल्या कव्हरवर लिहिलंय, "बारा आणे. पूण हातूंत घोटे खंय?"

ह्यात घोटे कुठाय.

गेल्या महिन्यात ह्याच पुस्तकाची दुसरी कॉपी माझ्या हाती लागली, मित्राने पुण्याहून कुरियर केली. मी सोप्यावर बसून सरळ मागचं पान काढलं, जे मामांच्या नियमात बसत नाही. शेवटची ओळ वाचली. मग परत वाचली आणि आत जाऊन मामीला म्हटलं, मामी, मामांचो घोटे मेळ्ळो.

कुठे मिळाला ते सांगणार नाही. भाजी-पावाचं बिल मला भरायचं नाहीये. मामांच्या वहीत मात्र त्या बाराच्या पुढे मी माझ्या पेन्सिलने चार आणे वाढवून ठेवलेत.