ढिगाच्या पोटातली ऊब

बाहेर गारठा आहे, आणि बॉयलरमध्ये जाळायला ठेवलेल्या लाकडाच्या चिप्सच्या या ढिगातून वाफ निघतेय. ढीग कुणी पेटवलेला नाही. तरी लोखंडी सळई आत खुपसून थोडा वेळ ठेवली, तर बाहेर काढताना चटका बसेल.

झाड तोडून ढलप्या केल्या, तरी लाकडातल्या काही पेशी थोडे दिवस जिवंत राहतात, श्वसन करतात. त्या उबेवर जिवाणू आणि बुरशी फोफावतात. ओल्या लाकडाचं निम्मं वजन पाण्याचंच, त्यामुळे ओलाव्याची ददात नाही. ढिगाच्या मध्यभागी पारा ६० अंशांपुढे सहज जातो. ही उष्णता येते कुठून? बॉयलरसाठी राखून ठेवलेल्या लाकडातूनच! कोरड्या वजनातला शेकडा एक ते चार भाग असा दर महिन्याला ढिगातच संपू शकतो. शिवाय ढीग उपसताना उडणारी बुरशीची धूळ फुप्फुसात जाते, ते वेगळंच.

खरा उपाय वाळवण्याचा. ओलावा २० टक्क्यांखाली गेला की बुरशीचं काही चालत नाही. पण वाळवायला छप्पर हवं, वारा हवा, वेळ हवा. तेवढं जमत नसेल, तर चुना आठवतो.

लाकूड मुळात आंबटसर असतं, आणि बुरशीला तेच मानवतं. विरवलेला चुना पाण्यात कालवला की सामू (पीएच) १२ च्या वर, म्हणजे आंबटाच्या अगदी उलट टोकाला जातो. तिथे बुरशीची विकरं (एन्झाइम) लुळी पडतात. मात्र चुना जिथे पोचला, तिथेच. शिवाय ढिगातूनच निघणारा कार्बन डायऑक्साइड चुन्याला हळूहळू चुनखडी करून टाकतो, आणि पहारा ढिला पडतो. कळीचा चुना घालावा, तो पाणीही शोषेल, असं वाटू शकतं. पण पाणी लागताच तो तापतो, आणि इथे ढीग आधीच तापलेला!

चुन्याऐवजी कॉस्टिक सोडा घातला तर? तो अधिक जहाल, पण त्यातल्या सोडियममुळे राख लवकर वितळते आणि थंड होताना शेगडीच्या जाळीला खड्यांसारखी चिकटते. कॅल्शियमचं बहुतेकदा उलट: राख सहसा भुसभुशीत राहते.

मात्र ती वाढते. स्वच्छ, सोललेल्या लाकडाची राख एक टक्क्याहूनही कमी. शंभर किलो कोरड्या चिप्सना दोन किलो चुना लावला, तर जळल्यावर त्यातला दीड किलो राखेतच उरतो. लाकडाच्या स्वतःच्या राखेपेक्षा जास्त.