एका ट्रायची दोन झाडे

मित्रहो, बाहेरची पाटी वाचून एका ज्येष्ठ श्रोत्यांनी मला जिन्यातच विचारले, “झाडांवर व्याख्यान आहे ना?” झाडावरच आहे, फक्त या झाडाचे मूळ वर आणि पाने खाली असतात. पार्सर हा प्रोग्रॅम कोड वाचून त्याच्या रचनेचा जो सिन्टॅक्स ट्री उभारतो, त्यात ट्राय, एक्सेप्ट आणि फायनली यांना कोणता नोड, म्हणजे झाडावरचा कोणता सांधा द्यावा, एवढाच माझा प्रश्न आहे. समोर बहुतेक कोड लिहिणारेच बसलेले दिसतात, म्हणून ट्राय म्हणजे काय हे एका ओळीतच सांगतो : ट्रायखाली बिघडू शकणारा कोड, एक्सेप्टखाली बिघाड, म्हणजे एक्सेप्शन, उडाल्यास करायचे काम, आणि फायनलीखाली काहीही झाले तरी शेवटी करायचे काम.

या प्रश्नाने माझी एक दिवाळी खाल्ली आहे. गोष्ट पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या २.७ आवृत्तीच्या काळातली. एका कंपनीसाठी मी एक साधन लिहीत होतो : जुना कोड वाचायचा, त्याचा ट्री करायचा, एका फंक्शनचे नाव बदलायचे आणि ट्रीवरून कोड पुन्हा छापायचा. (कॉमेंट त्या ट्रीमध्ये येतच नाहीत, त्या मी वेगळ्या जपत होतो, आणि ते रडगाणे स्वतंत्र व्याख्यानाचे आहे.) एक्सेप्ट आणि फायनली एकाच ट्रायखाली लिहिण्याची मुभा पायथनमध्ये २००६ साली, २.५ या आवृत्तीत मिळाली. त्याआधी एकात एक असे दोन ट्राय लिहावे लागत. व्याकरण सुधारले, पण ट्रीमध्ये ट्रायएक्सेप्ट आणि ट्रायफायनली हे दोन नोड वेगळेच राहिले. माणसाने एक ट्राय लिहिला, तरी पार्सर बाहेर ट्रायफायनली उभा करी आणि त्याच्या पोटात ट्रायएक्सेप्ट ठेवी.

माझ्या साधनाने जे पाहिले ते इमानाने छापले. साहेबांनी रिव्ह्यूसाठी उघडलेल्या पहिल्याच फाइलमध्ये ट्रायच्या पोटात ट्राय होता, आतला कोड चार स्पेस उजवीकडे सरकला होता, आणि नाव बदललेली ओळ बदल दाखवणाऱ्या त्या लाल-हिरव्या ओळींच्या गर्दीत सापडत नव्हती. “नक्की काय बदलले?” “साहेब, एक नाव.” त्यानंतरची शांतता मला अजून ऐकू येते.

मग मी शहाणपणा केला. ट्रायफायनलीच्या पोटात एकटाच ट्रायएक्सेप्ट दिसला, की दोघांना एक करून छापायचे असे ठरवले. दुसऱ्याच दिवशी एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला : त्याने २.४ च्या काळात हाताने एकात एक लिहिलेले ट्राय मी परस्पर सपाट केले होते. अर्थ बदलला नव्हता, पण दोन ट्रायच्या मध्ये त्याने लिहिलेल्या कॉमेंटला राहायला घर उरले नव्हते. दोन रात्री ट्री चाळल्यावर किल्ली सापडली. पार्सरने स्वतः रचलेल्या जोडीत दोन्ही नोडवर एकच ओळ क्रमांक असे. माणसाने दोन ट्राय लिहिले असतील, तर आतल्याचा क्रमांक पुढचा असे. म्हणजे सातबाऱ्यावर नाव नाही आणि बांधावरून मालक ओळखायचा, असा तो कारभार होता.

माझे म्हणणे एवढेच, की ट्री लिहिणाऱ्याच्या कोडवरून काढावा, यंत्र पुढे तो कसा चालवणार यावरून काढू नये. आपल्या नाशिकच्या मिसळीत मटकी, रस्सा, कांदा, पापड वेगवेगळे मांडून येतात. कालवायचे काम खाणाऱ्याचे. (हसलात, म्हणजे भूक लागली आहे.) पायथनने २०१२ साली ३.३ मध्ये हेच केले : ट्राय हा एकच नोड, आणि त्यात मूळ ब्लॉक, हँडलरांची (म्हणजे एक्सेप्टच्या भागांची) यादी, एल्स (बिघाड न झाल्यास चालणारा भाग) आणि फायनली अशा चार वाट्या.

आयोजकांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा जे सांगायला आलो होतो ते आता पळत सांगतो. एल्सची वाटी वेगळी हवीच, कारण एल्समध्ये उडालेला एक्सेप्शन त्याच ट्रायचे हँडलर पकडत नाहीत. एल्सच्या ओळी मूळ ब्लॉकच्या शेपटीला जोडल्या, की ते पकडू लागतात आणि प्रोग्रॅमचा अर्थच बदलतो. हँडलर हा स्वतंत्र नोड असावा, पण त्याला स्टेटमेंट, म्हणजे कोडमधले पूर्ण वाक्य, समजू नये, कारण ट्रायबाहेर तो उभाच राहू शकत नाही. जावास्क्रिप्ट या भाषेच्या ट्रीचा ठरलेला आराखडा म्हणजे ईएसट्री, त्यात कॅचक्लॉज (तिथला एक्सेप्ट) तसाच आहे, आणि २०१९ पासून कॅचपुढचे एक्सेप्शनचे नाव गाळता येत असल्याने तिथे ती जागा नल, म्हणजे रिकामी, असू शकते.

पायथन ३.११ मध्ये एक्सेप्शनांचा गट हाताळणारा एक्सेप्ट-स्टार आला, तेव्हा प्रत्येक हँडलरवर एक खूण ठेवण्याऐवजी ट्रायस्टार हा वेगळा नोड केला गेला, आणि मला ते पटते. एकाच ट्रायमध्ये साधा एक्सेप्ट आणि स्टारवाला एक्सेप्ट मिसळणे व्याकरणाला मंजूर नाही. खूण हँडलरवर असती, तर तसा बेकायदा ट्री कोणालाही रचता आला असता. अर्थात हँडलर नाही आणि फायनलीही नाही, असा ट्राय आजही हाताने रचता येतोच. तो कंपाइल करायला दिला, की मगच पायथन अडवतो. हे काम नोडच्या आकारावर सोपवता येईल का, यावर माझ्याकडे तीन स्लाइड आहेत, पण दुसरी चिठ्ठीही आली आहे, त्यामुळे त्या चहाच्या टेबलावर दाखवीन.