काटा अडतो तेव्हा

(दृश्य: वजनकाट्यावर चढणारी पावलं. आकडा दिसत नाही.)

वजन कमी करण्यासाठी पोटाचं (बॅरिएट्रिक) ऑपरेशन केलं, त्याला चार महिने झालेले असतात. पहिल्या महिन्यात दहा किलो उतरले, दुसऱ्यात पाच, तिसऱ्यात तीन, आणि या महिन्यात काटा जागचा हलत नाही. मग घरातलं कुणी ना कुणी विचारतंच, "अगं, ऑपरेशन करूनसुद्धा एवढंच?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पण हा प्रश्न दोनचारदा ऐकल्यावर कितीतरी जण पुढच्या तपासणीला जाणंच टाळतात. खरं नुकसान इथे सुरू होतं, कारण संथ वजनामागची बहुतेक कारणं शोधली तर सापडतात आणि त्यांवर उपाय असतात. फक्त शोधाचा क्रम नीट हवा: आधी हिशेब तपासायचा, मग ताट, मग औषधं, आणि पोटाची रचना सगळ्यात शेवटी.

(दृश्य: वहीत आकडेमोड करणारा हात.)

हिशेबात पहिली चूक होते ती सुरुवातीचा आकडा धरण्यात. ऑपरेशनच्या आधी यकृत लहान व्हावं म्हणून बहुतेक ठिकाणी दोन आठवडे कमी कॅलरींचा, बराचसा पातळ आहार देतात. समजा एक बाई आहेत. आहार सुरू करताना वजन 124 किलो, ऑपरेशनच्या दिवशी 118, आणि सहा महिन्यांनी 92. ऑपरेशनपासून मोजलं तर 26 किलो गेले, म्हणजे 22 टक्के. आहारापासून मोजलं तर 32 किलो, म्हणजे जवळजवळ 26 टक्के. बाई त्याच, शरीर तेच. म्हणून फाइलवर कोणता आकडा धरला आहे, हे डॉक्टरांना एकदा विचारून घ्या आणि दर वेळी तोच धरा.

दुसरी चूक किलोंची तुलना करण्यात. ऑपरेशन झालेल्यांच्या ग्रुपवर कुणी लिहितं, "माझे सहा महिन्यांत 40 गेले." लिहिणारा माणूस 170 किलोंचा असेल, तर त्याचे 40 म्हणजे साडेतेवीस टक्के. वरच्या उदाहरणातल्या बाई त्याच्या फारशा मागे नाहीतच. तुलना करायचीच झाली तर सुरुवातीच्या वजनाच्या टक्क्यांत करावी. वर्षभरानंतर स्लीव्हमध्ये, म्हणजे जठराचा मोठा भाग काढून टाकणाऱ्या ऑपरेशनमध्ये, साधारण पाव वजन उतरतं आणि बायपासमध्ये, म्हणजे जठराची छोटी पिशवी करून ती आतड्याला जोडणाऱ्या ऑपरेशनमध्ये, त्याहून थोडं जास्त, 30 टक्क्यांच्या आसपास. ही सरासरी आहे, आणि तिच्या दोन्ही बाजूंना भरपूर माणसं असतात. वय जास्त असेल, जुना मधुमेह असेल, इन्सुलिन चालू असेल, तर वेग मुळातच कमी राहतो. शिवाय वजन 12 ते 18 महिन्यांपर्यंत उतरत राहतं, तेव्हा चौथ्या महिन्यातच निकाल लावणं घाईचं आहे.

तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला काटा थांबतो, तो तर जवळपास सगळ्यांचाच. यकृतात आणि स्नायूंत मिळून साधारण अर्धा किलो ग्लायकोजेन असतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. सुरुवातीला खाणं अगदीच कमी असल्यामुळे हा साठा संपतो, पाणी निघून जातं आणि काटा भराभर खाली येतो. नंतर खाणं थोडं वाढलं की शरीर साठा पुन्हा भरायला घेतं आणि पाणी धरून ठेवतं. चरबी या काळातही जळत असते, पण पाण्याच्या वजनाखाली ते दिसत नाही. पाळीच्या आधीचे दिवस आणि बद्धकोष्ठता यांनीही आकडा किलो-दीड किलोनं वर जातो. म्हणून वजन आठवड्यातून एकदाच करावं, ठरावीक वारी, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी. त्याच दिवशी टेपनं कंबर, नितंब आणि दंड मोजून लिहून ठेवावं. काटा थांबलाय पण कंबर कमी होतेय, तर काही बिघडलेलं नाही. चार आठवडे काटाही हलला नाही आणि टेपही, तर मग ताटाकडे बघायचं.

(दृश्य: इंदूर, राजवाड्याजवळची पोह्यांची गाडी. वाफेवरची परात, वरून सेव, जीरावन मसाला, बाजूला जलेबी.)

स्लीव्हमध्ये जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढतात. उरते ती 100 ते 150 मिलीलिटरची अरुंद नळी. बायपासमध्ये वर राहणारी पिशवी त्याहून लहान, साधारण 30 मिलीलिटर. ही लहान जागा आपलं काम नीट करते ती घट्ट पदार्थांवर: पनीर, अंडं, मटकीची उसळ, चिकन. हे पदार्थ तिथे थोडा वेळ थांबतात आणि चार-सहा घासांत पोट भरल्याचं कळतं. पण तोंडातच विरघळणारे कुरकुरीत पदार्थ आणि पातळ गोड पदार्थ तिथे थांबतच नाहीत, सरळ खाली घसरतात. आहारतज्ज्ञ त्यांना स्लायडर फूड म्हणतात. इथे ऑपरेशनची अडवणूक लागूच पडत नाही. पोट लहान झालेलं असूनही तासाभरात वाटीभर सेव सहज संपते.

आणि इंदूरमध्ये सेव नाही असा पदार्थ शोधावा लागतो. पोह्यांवर सेव, साबुदाण्याच्या खिचडीवर सेव किंवा मिक्स्चर, दाळ-भातावर सेव, टीव्हीसमोर डब्यातून सेव. 50 ग्रॅम सेवेत अंदाजे 270 कॅलरी असतात, आणि 50 ग्रॅम म्हणजे दोन मुठीसुद्धा नाहीत. पोह्यांच्या प्लेटमध्ये प्रथिनं चार-पाच ग्रॅमच. छप्पन दुकानवरची शिकंजी इथे दुधाची, घट्ट, साखर आणि सुक्या मेव्याची असते. ग्लासभर प्यायलं तर पोट भरल्यासारखंही वाटत नाही. आपल्या मराठी घरातलं श्रीखंड, चहाबरोबरची खारी आणि टोस्ट, तुपाबरोबरचा मऊ वरणभात, ही सगळी त्याच जातीची. दिवसात चार कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे 40 ग्रॅम साखर झाली. ती कुणी जेवणात धरत नाही.

बायपास झालेल्यांना जलेबी वेगळ्या तऱ्हेनंही त्रास देते. साखर एकदम आतड्यात उतरते आणि 10 ते 30 मिनिटांत धडधड, घाम, पोटात कळ, जुलाब सुरू होतात. कधी एक ते तीन तासांनी रक्तातली साखर एकदम खाली येते, हात थरथरतात, आणि ती थरथर थांबवायला माणूस पुन्हा गोडच खातो. हे चक्र आठवड्यातून दोनदा फिरलं तरी वजन अडतं.

(दृश्य: स्वयंपाकघर. छोटा वजनकाटा, वाटी, पनीरचे तुकडे.)

सुरुवात प्रथिनांपासून करावी. दिवसाला 60 ते 80 ग्रॅम हे सर्वसाधारण लक्ष्य, तुमचं नेमकं तुमच्या आहारतज्ज्ञांकडून घ्या. शाकाहारी घरात हे आपोआप जमत नाही, मोजूनच जमवावं लागतं. पनीर 100 ग्रॅम घेतलं तर सुमारे 18 ग्रॅम. घट्ट मुगाच्या डाळीची वाटी सात-आठ ग्रॅम, पण आपलं नेहमीचं पातळ वरण त्याच्या निम्मंच. कोरडे सोया चंक्स 30 ग्रॅम भिजवले तर 15 ग्रॅम. दुधाचा ग्लास सहा-सात. फडक्यात बांधून पाणी काढलेलं दही, म्हणजे साखर न घातलेला चक्का, 100 ग्रॅमला आठ-दहा. अंडं चालत असेल तर एकात सहा. तरीही कमी पडलं तर व्हे प्रोटीनचा एक स्कूप 20 ते 25 ग्रॅम भरून काढतो.

ताटात आधी प्रथिनं, मग भाजी, आणि जागा उरली तरच अर्धा फुलका. घास लहान, चावणं भरपूर, जेवण 20-25 मिनिटांचं. जेवताना पाणी नाही, जेवल्यावर अर्धा तास नाही, आणि बाकी दिवसभर घोटाघोटानं दीड ते दोन लिटर. इंदूरच्या मे महिन्यात पारा 42 च्या पुढे जातो, तेव्हा दोन लिटरही अपुरे पडू शकतात. तहान अनेकांना भुकेसारखी वाटते आणि हात डब्याकडे जातो.

उलट दिशेची चूकही सर्रास होते: वजन थांबलं म्हणून आणखी कमी खायचं, दोन जेवणं चहावर काढायची. यात प्रथिनं कमी पडतात आणि स्नायू झिजतात. स्नायू कमी झाले की शरीराचा बसल्या जागचा खर्चही आणखी घटतो. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात, ते बरेचदा वजन वेगानं उतरल्यामुळे, पण प्रथिनं आणि लोह कमी असेल तर गळणं वाढतं.

उपासाचंही स्पष्ट बोलायला हवं. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यात प्रथिनं नावाला. चतुर्थी, एकादशी, नवरात्र धरायचं असेल तर पनीर, दूध, चक्का आणि मोजून शेंगदाणे यांवर धरता येतं. पहिले तीन महिने मात्र उपास नकोच.

एवढं करूनही कळत नसेल की कॅलरी येतात कुठून, तर तीन दिवस सगळं लिहून काढा. त्यातला एक दिवस रविवार हवा. भाजीची चव बघताना घेतलेले चमचे, मुलांच्या ताटातलं उरलेलं, "घे ना, एकच" म्हणून हातात दिलेला पेढा, सगळं लिहा. स्वतःला दोषी ठरवायला नव्हे, आहारतज्ज्ञांच्या हातात द्यायला. दिवसभर थोडं थोडं तोंडात टाकत राहणं या वहीशिवाय सापडत नाही. रात्री उठून खाणं, खाण्यावरचा ताबा सुटणं, सतत उदास वाटणं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जाणं हा उपचाराचाच भाग आहे.

(दृश्य: पहाटे पिपल्यापाला तलावाकाठी चालणारी माणसं.)

चालणं आठवड्याला 150 मिनिटांपासून सुरू करून हळूहळू 250 पर्यंत न्यावं. पण नुसत्या चालण्यानं स्नायू टिकत नाहीत. सर्जननं परवानगी दिल्यावर आठवड्यातून दोन-तीन दिवस वजनाचे व्यायाम हवेत: खुर्चीवरून हात न टेकता दहादा उठणं, भिंतीला टेकून दंड, रबरी पट्टा ओढणं.

(दृश्य: औषधांची पेटी, जुन्या चिठ्ठ्या.)

ताट ठीक निघालं तर औषधांची पेटी उघडा. इन्सुलिन, ग्लिमेपिराइड, पायोग्लिटाझोन, स्टेरॉइड, प्रेगाबालिन, अमिट्रिप्टिलीन, मिर्टाझापीन, ओलॅन्झापीन, व्हॅल्प्रोएट आणि काही बीटा ब्लॉकर, ही औषधं वजन वाढवतात किंवा उतरू देत नाहीत. मधुमेहाच्या औषधांत तर दुहेरी गोंधळ होतो. ऑपरेशननंतर डोस कमी केला नाही तर साखर पडते, ती सावरायला बिस्किटं आणि सरबत आत जातं. यातलं कुठलंही औषध मनानं बंद करू नका. बहुतेकांना पर्याय असतो, तो डॉक्टरांनी द्यायचा. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घ्यावी आणि कॅल्शियम-लोहाच्या गोळ्यांपासून चार तास दूर ठेवावी, नाहीतर ती नीट शोषली जात नाही. रक्ततपासणीत टीएसएच (थायरॉइडसाठी), साखर, हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी-12 आणि डी जीवनसत्त्व बघून घ्यावं. अंगात रक्त नसलेल्या माणसाला "चालत जा" सांगून उपयोग नसतो.

(दृश्य: एंडोस्कोपीची खोली.)

मग उरते पोटाची रचना. इथे एक गोष्ट सहसा सुटते. वाट फार अरुंद झाली असेल तरीही वजन अडतं. घट्ट पदार्थ अडकतात, उलटी होते, म्हणून माणूस हळूहळू आइसक्रीम, बिस्किटं आणि दुधावर येतो. हे खाणं घसरतं आणि कॅलरी वाढतात. एंडोस्कोपीनं फुगा घालून अशी वाट रुंद करता येते. उलट बाजूला स्लीव्हचा वरचा भाग उरलेला किंवा फुगलेला असू शकतो, बायपासचा जोड रुंद होऊ शकतो, क्वचित जुन्या जठराशी नवी वाट तयार होते. बेरियमची तपासणी, एंडोस्कोपी आणि गरज पडल्यास सीटी स्कॅन यांत हे दिसतं. पोट पुन्हा लहान करण्यासाठी पाच दिवस फक्त पातळ घ्यायचा जो प्रयोग फिरतो, त्यानं पोट लहान होत नाही. पाणी उतरतं आणि आठवड्यात परत येतं.

वारंवार उलट्या, पाणीही न टिकणं, काळं शौच, पोटात सतत दुखणं, ताप, किंवा पायाची पोटरी सुजणं, यांत वाट बघायची नाही, त्याच दिवशी रुग्णालयात जायचं. उलट्या लांबल्या तर शरीरातलं बी-1 जीवनसत्त्व संपतं आणि मेंदूला, नसांना कायमची इजा होऊ शकते. दुहेरी दिसू लागलं किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर बी-1 ची कमतरता आहे का हे लगेच विचारा.

सगळं तपासूनही एकूण वजन 20 टक्क्यांपेक्षा कमी उतरलं असेल, तर त्याला अपुरा प्रतिसाद म्हणतात आणि पुढच्या उपचारांचा विचार होतो. आठवड्याला एक इंजेक्शन असलेली औषधं, टिर्झेपटाइड आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड, भारतात 2025 मध्ये आली. ती लहान डोसनं सुरू करून महिन्या-महिन्यानं वाढवतात. भूक आणखी कमी होते, म्हणून प्रथिनांचा हिशेब आधीपेक्षा कडक ठेवावा लागतो. गरोदरपणात ती चालत नाहीत. स्वादुपिंडाला पूर्वी सूज आली असेल किंवा घरात कुणाला मेड्युलरी प्रकारचा थायरॉइड कर्करोग झाला असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगा. एंडोस्कोपीतून टाके घालून जागा लहान करता येते, स्लीव्हचं बायपासमध्ये रूपांतर करता येतं. पण दुसऱ्या ऑपरेशनमध्ये गुंतागुंतीचा धोका पहिल्यापेक्षा जास्त असतो, म्हणून त्याचा नंबर शेवटी.

दुसऱ्या सर्जनचं मत घ्यायला जाताना मूळ ऑपरेशनची नोट बरोबर हवी. स्लीव्ह असेल तर कोणत्या मापाच्या नळीवर जठर कापलं, बायपास असेल तर आतड्याच्या कोणत्या भागाची लांबी किती ठेवली, हे त्याच कागदावर असतं. डिस्चार्ज कार्डावर ते बहुधा नसतं. मूळ रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात लेखी अर्ज देऊन नोटेची प्रत मागा आणि तिचा फोटो फोनमध्येही ठेवा.