बांधावरच्या कामाचा कागद

श्रोतेहो, नमस्कार.

गोव्यातल्या खाजन शेतीच्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतीच्या, बांधावर राबणाऱ्या माणसाची हजेरीपटावरची नोंद पाहिली, तर त्या रकान्यात बहुधा ‘मजूर’ एवढेच लिहिलेले असते. माडावर चढणारा पाडेली मजूर, कांदळवनात रोपे लावणारी बाई मजूर, कचरा प्रकल्पातली टाकी सांभाळणारा तरुण ‘हेल्पर’. कामे वेगळी, जोखीम वेगळी, शिकायला लागणारी वर्षे वेगळी. कागदावर मात्र सगळे एकाच रांगेत. याचा फटका थेट मजुरीला बसतो. किमान वेतनात अकुशल, अर्धकुशल, कुशल असे वर्ग असतात आणि ज्याचे कौशल्य कुठे लिहिलेलेच नाही तो अकुशलातच मोजला जातो. ही कौशल्ये लिहून कशी काढायची, यावर आज बोलू.

याची सरकारी चौकट तयार आहे. राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा डिसेंबर २०१३ मध्ये अधिसूचित झाला. त्यात १ ते ८ पातळ्या आहेत. शेतीच्या कामांसाठी एक कौशल्य परिषद आहे, हरित कामांसाठी दुसरी. एखाद्या कामाची भूमिका मान्य झाली की तिची रीतसर फाइल बनते: कामे कोणती, ती किती नीट व्हायला हवीत, त्यासाठी काय माहीत असायला हवे. याशिवाय राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण २०१५ आहे. त्यात प्रत्येक व्यवसायाला आठ अंकी क्रमांक असतो आणि पहिला अंक महत्त्वाचा. ६ आला तर कुशल शेती, वन आणि मत्स्य कामगार. ९ आला तर साधी अंगमेहनत. आपल्याकडची बरीच माणसे काम करतात सहाचे आणि मोजली जातात नवात. चौकट दिल्लीहून आली तरी चालेल, पण मानस, म्हणजे बांधातली दार बसवलेली पाण्याची वाट, राखणे म्हणजे काय हे दिल्लीत कोण सांगणार? ते इथेच लिहावे लागेल.

तर मानशीपासूनच सुरुवात करू. गोव्यात साधारण सतरा-अठरा हजार हेक्टर खाजन जमीन आहे आणि ती टिकून आहे ती बांध आणि मानस या दोघांवर. मानशीचे दार भरतीच्या रेट्याने मिटते आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते. दार आपोआप चालते, मग माणूस कशाला, असे कोणी विचारील. माणूस लागतो, कारण दार आणि चौकट यांच्यामध्ये ओंडक्याचा तुकडा, झावळीचा देठ किंवा प्लास्टिकची बाटली अडकते. बोटभर फट राहिली तरी एका भरतीत खारे पाणी शेतात शिरते. रोप कोवळे असताना आणि भात फुलोऱ्यात असताना हे पाणी सर्वांत घातक. मातीची क्षारता चार डेसिसीमेन्स प्रतिमीटरच्या वर गेली की ती जमीन खारी धरतात. साध्या भाताचे उत्पन्न त्याआधीच, तीनच्या आसपास, घटू लागते. कोरगुटासारखे जुने वाण आणि ओल्ड गोवा इथल्या कृषी संशोधन केंद्राने काढलेले गोवा धान वाण यापेक्षा जास्त सोसतात, पण त्यांनाही मर्यादा आहे.

म्हणून या भूमिकेतले पहिले वाक्य असे लिहावे: भरतीचे पाणी दाराला लागण्यापूर्वी फटीतला कचरा काढणे आणि दार चारही बाजूंनी चौकटीला टेकते का ते पाहणे. ‘मानशीची देखभाल करणे’ असे लिहिले तर परीक्षकाला तपासायला काहीच उरत नाही आणि नव्या पोराला शिकायलाही नाही.

दुसरे वाक्य वेळेचे. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. उधाण येते अमावास्या-पौर्णिमेला आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत. जुन्या माणसाला हे तिथीवरून कळते, नव्याने छापील तक्ता वाचला तरी हरकत नाही. दोन्ही चालेल असे कागदावर स्पष्ट हवे, नाहीतर तक्ता वाचता येत नाही म्हणून जाणकारच नापास होतो. पावसाळ्यात खरी कसोटी लागते. मोठी भरती आणि मोठा पाऊस एकाच वेळी आले की दार मिटलेले असते आणि शेतात पाणी तुंबते. हे आधी ओळखून अगोदरच्या ओहोटीलाच पोय (मानशीच्या आतल्या बाजूचे तळे) रिकामी करून ठेवायची, म्हणजे पावसाच्या पाण्याला जागा होते. हा निर्णय आहे, अंगमेहनत नव्हे. आराखड्याच्या पहिल्या पातळीवर सांगितलेले काम तसेच पुन्हा पुन्हा करणे अपेक्षित असते. ओळखीच्या परिस्थितीत स्वतः पर्याय निवडणारा चौथ्या पातळीच्या जवळ जातो. ही एक ओळ लिहायची राहिली की माणूस तीन पायऱ्या खाली येतो.

बांधाचेही तसेच. कुर्ल्या (खेकडे) बांध पोखरतात. उधाणाच्या वेळी शेताकडच्या पायथ्याला पाणी झिरपताना दिसले तर आधी त्याचा रंग बघायचा. नितळ असेल तर खूण करून ठेवा, ओहोटीला काम करा. गढूळ असेल तर बांधाच्या पोटातली माती वाहून चालली आहे. तिथे थांबून चालत नाही, भगदाड पडायला एक भरती पुरते. बीळ बुजवतानाची नेहमीची चूक म्हणजे फक्त तोंड लिंपणे. आत पोकळी तशीच राहते. बीळ शेवटपर्यंत खणून काढायचे, मग चिकण चिखलाचे वीतभर जाडीचे थर देत प्रत्येक थर ठोकून बसवायचा. चिखल मुठीत दाबल्यावर गोळा टिकला पाहिजे आणि बोटांना चिकटता कामा नये. फार ओला असेल तर ठोकला तरी बसत नाही, सुका असेल तर भेगा पडतात. आणि बांधाच्या माथ्यावर उगवलेली कांदळाची रोपे वेळीच काढायची. बांधाच्या बाहेर, नदीकडे, कांदळवन लाटा अडवते. माथ्यावर वाढले तर मुळे बांध फोडतात. एकच झाड कुठे ठेवायचे आणि कुठे उपटायचे, हे ‘पर्यावरणाची जाणीव असावी’ या वाक्यातून कोणालाही शिकता येणार नाही.

इथे एक अवघड गाठ आहे. मानशीतली मासळी लिलावाने दिली जाते आणि कित्येकदा दार उघडणे-मिटणेही लिलाव घेणाऱ्याच्याच हाती असते. भरतीचे पाणी जास्त आत घेतले की सुंगटे (कोळंबी) जास्त येतात. शेतकऱ्याला तेच पाणी नको असते. भूमिका लिहिताना ‘दार कोणाच्या सांगण्यावरून उघडे ठेवायचे’ हा प्रश्न टाळला तर उरलेला सगळा कागद शोभेचा. उत्तर गावागणिक वेगळे निघेल: कुठे कुळांचा संघ, कुठे कोमुनिदाद (गावाची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था). पण ते लिहिलेले हवे.

आता हे सगळे काढायचे कसे? पद्धत सोपी आहे आणि जगभर वापरली जाते. ते काम रोज करणारी पाच ते बारा माणसे एकत्र बसवायची. अधिकारी आणि प्राध्यापक त्यात नकोत. फार तर मागे बसून ऐकावे. दोन दिवस धरावेत. आधी मोठी कामे विचारायची, मग प्रत्येकाचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकडा क्रियापदाने संपवायचा: तपासणे, काढणे, ठोकणे, कळवणे. ‘माहीत असणे’, ‘समज असणे’ ही क्रियापदे बाजूला ठेवायची. ती ज्ञानाच्या रकान्यात जातील. प्रत्येक तुकड्यामागे दोन प्रश्न: हे चुकले तर काय होते? आणि चुकते आहे हे तुम्हाला कशावरून कळते? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच कौशल्य. पाण्याचा रंग, चिखलाचा गोळा ही माहिती तिथूनच येते. गटात बायका हव्यातच. लावणी, बेणणी, बियाणे निवडणे ही कामे त्यांच्या हातची. गटात फक्त पुरुष बसले तर ती कामे कागदावरून गायब होतात आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

पाडेलीच्या बाबतीत हा दुसरा प्रश्न विचारून बघा. माडागणिक पैसे मिळतात आणि काम म्हणून लिहिले जाते ‘चढणे आणि नारळ पाडणे’. पण माडाचा शेंडा जवळून पाहणारा तो एकटाच असतो. झावळीची पाती कात्रीने कापल्यासारखी त्रिकोणात कातरलेली दिसली तर तो गेंडा भुंगा. खोडाला भोके, त्यातून तपकिरी चीक आणि चघळलेला काथ्या बाहेर येत असेल तर सोंड्या भुंगा. तेव्हा घाई करावी लागते, कारण बाहेरून लक्षण दिसेपर्यंत आत अळ्यांनी बरेच खाल्लेले असते. पावसाळ्यात शेंड्याची कोवळी सुरळी पिवळी पडून ओढल्याबरोबर हातात आली आणि कुजका वास आला तर कोंब कुजला आहे. तो भाग चांगल्या गाभ्यापर्यंत कापून दहा टक्के बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावावी लागते आणि नवी सुरळी येईपर्यंत झाकावे लागते. गेंडा भुंग्यासाठी आतल्या दोन-तीन झावळ्यांच्या बेचक्यात मिळून बारा ग्रॅम डांबरगोळ्या, वर वाळू, दर पंचेचाळीस दिवसांनी. हे सगळे पाडेली त्याच चढणीत करू शकतो. त्याला कोणी विचारत नाही आणि त्याचे वेगळे पैसेही कोणी देत नाही. भूमिकेत ‘शेंड्याची पाहणी करून मालकाला सांगणे’ हा स्वतंत्र घटक टाकला तर त्याचा स्वतंत्र दर ठरवता येतो. तरुण पोरे या धंद्यात का येत नाहीत यावर चर्चा खूप होते. माझ्या मते दर हे त्याचे मोठे कारण आहे, चढण्याचे यंत्र वाटून तेवढ्याने भागत नाही.

सुरक्षेची ओळही नेमकी हवी. ‘काळजी घ्यावी’ असे नको. ओल्या खोडावर चढायचे नाही. चढण्यापूर्वी शेंड्यात गांधीलमाश्यांचे पोळे आहे का ते खालून पाहायचे. खाली माणूस किंवा गुरे नाहीत याची खात्री केल्याशिवाय नारळाची पेंड (घड) तोडायची नाही.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. छापील भूमिका बाराही महिने एकच काम धरून लिहिलेली असते. इथे जानेवारी ते मे बांधाची डागडुजी आणि मिठागरे, त्याच दिवसांत काजू आणि फेणीच्या भट्ट्या, जून ते ऑक्टोबर भात. एक माणूस तीन टोप्या घालतो. म्हणून एक अख्खी भूमिका लिहिण्याऐवजी छोटे घटक लिहावेत आणि ज्याला जे येते ते त्याच्या नावावर जोडावे. मिठागरातला घटक अगदी छोटा असला तरी चालेल: पाणी पंचवीस अंश बोमेच्या (खाऱ्या पाण्याची घनता मोजण्याचे माप) पुढे गेले की मीठ धरते, फार वेळ ठेवले तर कडू क्षारही त्यात उतरतात, म्हणून कधी ओढायचे हे ठरवणे.

नव्या धंद्यांमध्ये हे थोडे सोपे आहे, कारण तिथे मोजायला उपकरणे असतात. ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस काढणाऱ्या प्रकल्पात पाचक टाकीचा पीएच ६.८ ते ७.२ च्या आसपास राहावा लागतो. तो घसरू लागला की नवा कचरा टाकणे थांबवायचे, एवढा अधिकार टाकी सांभाळणाऱ्याला कागदावर द्या, साहेबाच्या फोनची वाट पाहण्यात टाकी आंबून जाते. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे कासवांच्या घरट्यांवर राखण करणाऱ्यांच्या भूमिकेत न करण्याच्या गोष्टी जास्त महत्त्वाच्या: पांढरा दिवा नाही, अंडी हलवताना उलटसुलट करणे नाही, घातल्यानंतर काही तासांत हलवली नाहीत तर मग हलवणेच नाही. पिल्ले बाहेर येईपर्यंतचे पंचेचाळीस ते साठ दिवस हा माणूस कामावर असतो, हेही लिहा. रात्रपाळीचा भत्ता त्यावरच अवलंबून आहे.

परीक्षेबद्दल थोडे. येणारे काम तपासून प्रमाणपत्र देण्याची सरकारी सोय आहे. तिचा विचका होतो तो परीक्षा वर्गात, टॅबवर, पर्याय निवडण्याच्या प्रश्नांनी घेतली की. बांधावरच्या माणसाची परीक्षा उधाणाच्या आठवड्यात, ओहोटी लागण्याच्या वेळी, प्रत्यक्ष मानशीवर घ्यावी. करताना बघावे, तोंडी कोकणी-मराठीत विचारावे आणि बुजवलेले बीळ पुढच्या उधाणानंतर पुन्हा जाऊन पाहावे. त्यासाठी दुसरी खेप घालावी लागेल, ती घालावी.

सुरुवात कुठून करायची, तर आपल्या गावातल्या एका मानशीपासून. पंचायतीच्या जैवविविधता समितीकडे लोक जैवविविधता नोंदवही असते. तिच्यात जाणकारांची नोंद असेल तर बोलवायच्या माणसांची यादी अर्धी तयारच आहे. पहिल्या बैठकीत पाच-सहा वाक्यांपेक्षा जास्त लिहू नका. ती लिलावाच्या करारनाम्याला जोडा, म्हणजे कागद कपाटात राहणार नाही आणि वाद झाला तर दाखवायला काहीतरी असेल. तीन वर्षांनी तोच गट पुन्हा बसवून वाक्ये वाचून दाखवा. मध्यंतरी लाकडी दार जाऊन फायबरचे आले असेल तर लाकूड किडीपासून राखण्याची ओळ खोडा आणि त्या जागी बिजागरीचे बोल्ट गंजले का ते पाहण्याची ओळ घाला.

नमस्कार.